काका, पावसाचंच गटार आहे!

आज सकाळी दूध आणायला निघालो, तर गल्लीतल्या बांधकामावर आलेल्या काँक्रीट मिक्सरचा चालक पाइप लावून ड्रम धूत होता आणि ते राखाडी, दाट पाणी थेट रस्त्याकडेच्या जाळीत सोडत होता. मी हटकले, तेव्हा तो अगदी शांतपणे म्हणाला, "काका, पावसाचंच गटार आहे, वाहून जाईल."

वाहून जाईल, पण कुठे? मैलावाहिनीतले पाणी निदान शुद्धीकरण केंद्राच्या वाटेला तरी लागते. पावसाळी वाहिनीच्या वाटेत तसे काहीच नसते. या जाळीत पडलेले पाणी आपल्या पुण्यातल्या आंबिल ओढ्यात, तिथून मुठेत आणि पुढे भीमेतून उजनी धरणात जाते, आणि उजनीचेच पाणी सोलापूरकर पितात. शिवाय सिमेंट वाहून जातच नाही. वरचे पाणी चुन्याच्या निवळीसारखे दाहक होऊन ओढ्याला मिळते आणि खाली बसलेला गाळ पाइपातच दगड होतो. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री हाच ओढा ज्यांच्या घरात शिरला, त्यांना पाण्याची वाट अडली की काय होते, हे मी का सांगावे? त्या पुराची कारणे अनेक होती, हे मान्य. म्हणून उरलेली वाटही आपणच बुजवायची का?

प्रवाहात किंवा गटारात जाणूनबुजून घाण सोडायला १९७४च्या जलप्रदूषण कायद्यानेच बंदी आहे. तो कायदा मी चालकाला तावातावाने ऐकवला. त्याने पाइप बंद केला आणि विचारले, "मग धुऊ कुठे, काका? इथं जागाच ठेवलेली नाही." तिथे माझा आवाज उतरला. आत वाळूच्या ढिगाला जागा आहे, विक्रीच्या कार्यालयापुढे हिरवळीला जागा आहे, पण ड्रम धुवायला एक खड्डा नाही, आणि शिव्या मात्र रात्रभर जागलेल्या माणसाने खायच्या. (मीही तरुणपणी स्कूटरचे काळे ऑइल याच जाळीत ओतले आहे, हे घरचे आठवण करून देण्याआधी मीच सांगून टाकतो.)

दुपारी खुरपे घेऊन गेलो. जाळीवरचा थर तोवर इतका घट्ट झाला होता की खुरप्याची मूठ निसटली, थर नाही.

पर्यवेक्षकाला फोटो दाखवला, "बघतो" म्हणाला. उद्या पुन्हा स्लॅब आहे. सकाळी सातपासून मी त्या जाळीपाशी खुर्ची टाकून बसणार आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी यावे, चहा माझ्याकडे. चालकालाही देणार आहे.