गुडघेवाले माउली

आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. वारीला निघताना मनाची तयारी केली होती, बुटांची केली होती. मांड्यांना मात्र विचारायचं राहून गेलं.

फोड येणार हे धरूनच चाललो होतो. पुणे ते सासवड हा टप्पा जवळपास तीस किलोमीटरचा, त्यात दिवे घाट. सासवडला बूट काढले, तर दोन्ही टाचांवर एकेक टम्म फुगलेली पुरी. लगेच राहुटीत दोन पक्ष पडले. एक म्हणे, सुईनं दोरा ओवून आतच ठेवा, पाणी आपोआप झिरपतं. फिरत्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, दोरा म्हणजे जंतूंना आत जायला पायवाट. वरची कातडी हीच खरी पट्टी, तिला हात लावू नका. मी कुणालाच नाराज केलं नाही. डावी टाच दिंडीला दिली, उजवी डॉक्टरांना. दोन्ही सारख्याच ठणकल्या.

मग अंगठ्याचं नख काळं पडलं. दिवसभर चालून पाय सुजतो, म्हणून बूट एक नंबर मोठा घ्यायचा असतो हे मला नखानं सांगितलं. पहाटे तीनला उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा शिरायचा आणि दहा-वीस पावलांवर आपणहून निघून जायचा. पण या दुखण्यांना मान आहे. फोड चारचौघांत दाखवता येतो, फोटो काढून बायकोला पाठवता येतो.

वाल्ह्याच्या आधी पाऊस आला. पॅन्ट भिजली, अंगावरच वाळली, पुन्हा भिजली. घामाचं मीठ होतंच. दुपारपर्यंत दोन्ही मांड्या आतून अशा काचल्या की, पाऊल टाकलं की आग. हे दुखणं दाखवायचं कुणाला? फोटोचा तर प्रश्नच नाही. लोणंदच्या पुढे चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, अश्व दौडला. त्यानंतरची माझी चाल पाहिली असती तर कुणालाही वाटलं असतं की, हाच त्याच्यावरून आत्ता उतरला. आणि माउलींच्या अश्वावर तर स्वार बसतच नाही!

दिंडीतल्या मावशींनी हटकलंच. "काय रं बाबा, पाय फाकून का चालतुयास?"

"गुडघा," मी म्हणालो.

तिथून माझ्या दोन ठणठणीत गुडघ्यांची जी सेवा सुरू झाली! एकीनं तिळाचं तेल चोळलं. एकानं निर्गुडीचा पाला गरम करून बांधला. पाय चेपायला रस्त्याकडेला बसलेल्या कॉलेजच्या पोरांकडे मला हाताला धरून नेलं. तीही बिचारी मनापासून रगडत होती, आणि रगडताना ओली पॅन्ट वर सरकत होती. माझ्या तोंडून "विठ्ठला!" निघालं, तर सगळे म्हणाले, बघा, उतार पडला.

फलटणला एक टाळकरी आबा मला बाजूला घेऊन गेले.

"गुडघा कुठं हाय?"

मी दाखवला.

"आन् आग कुठं हाय?"

मी गप्प.

"खोबरेल लाव. आत लांब चड्डी घाल. आमचं धोतर हाय, वारा लागतोय. तू कापडात कोंडून घेतलंयस." आणि जाता जाता म्हणाले, "गुडघा येवढा वर नसतुय, माउली."

दोन दिवसांत मी माणसासारखा चालू लागलो. दिंडीनं निर्गुडीला श्रेय दिलं. मला अर्थातच 'गुडघेवाले माउली' हे नाव पडलं.

पुढच्या वर्षी शहाणा होऊन गेलो. एक नंबर मोठे बूट, जादा मोजे, लांब चड्डी, खोबरेल. फोड नाही, काच नाही. आणि लोणंदच्या अलीकडे उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला खरोखरची कळ आली. अशी की, पाय वाकवेना. मी लंगडत मावशींजवळ गेलो.

"मावशी, गुडघा..."

मावशींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आबांकडे. आबा टाळांच्या दोऱ्या नीट करू लागले. मावशींनी पिशवीतून खोबरेलची बाटली काढून माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाल्या, "जा, त्या ट्रकच्या आडोशाला जाऊन लाव."