प्रोबेटची सक्ती गेली, वारस मात्र तेवढेच राहिले

मुंबईतल्या मृत्युपत्रांवरची प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला घेण्याची, सक्ती गेल्यापासून एक वाक्य फार ऐकू येतं: ‘बरं झालं, आता परदेशात बसलेल्यांच्या सह्यांसाठी ताटकळायला नको.’ बोलणारे बहुधा नात्यातलेच असतात आणि रोख प्रोबेटवर कमी, आमच्यासारख्या इंग्लंडात राहणाऱ्यांवर जास्त असतो. टोमण्याचं काही नाही, त्याची सवय झालेली असते. पण हे वाक्य कायद्याच्या अंगानेही चुकीचं आहे आणि ते खरं मानून घरोघरी कागद केले जाणार आहेत.

बदल काय झाला ते आधी पाहू. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ चा. मृत्युपत्र मुंबईत केलेलं असेल किंवा मुंबईतल्या स्थावर मालमत्तेबद्दल असेल, तर कलम २१३ मुळे हिंदू, बौद्ध, शीख, जैन आणि पारशी वारसांना प्रोबेटशिवाय त्याच्या आधारे कोर्टात हक्क सांगता येत नसे. चेन्नई-कोलकात्यालाही हेच. मुसलमान आणि ख्रिस्ती यातून बाहेर होते. पुण्याला, नाशिकला, नागपूरला ही अट नव्हतीच. मुलुंडच्या फ्लॅटला प्रोबेट हवं, आणि चेक नाका ओलांडला की ठाण्याच्या फ्लॅटला नको, असा तो प्रकार. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने निरसन व सुधारणा कायद्याने ते कलम काढून टाकलं. धर्म आणि पिनकोड पाहून लागणारा नियम गेला, यात रडण्यासारखं काही नाही. मात्र गेली ती सक्ती. प्रोबेट आजही मागता येतं, आणि भांडण होण्याची शक्यता असेल तिथे मागावंच.

आता सह्यांचं. मुंबई उच्च न्यायालयात प्रोबेटचा अर्ज करताना मूळ मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला, मालमत्तेची आणि देण्यांची यादी, सगळ्या वारसांची नावं-पत्ते आणि निदान एका साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. सगळ्यात जास्त गाडी अडते ती या साक्षीदारापाशी. कायद्याला दोन साक्षीदार हवेत, म्हणून वडील सोसायटीतले दोन समवयस्क मित्र बोलावतात. पंधरा वर्षांनी मृत्युपत्र उघडतं तेव्हा त्यातला एक गेलेला असतो आणि दुसरा कोणाकडे राहतो ते कुणालाच माहीत नसतं. मग सही ओळखणारा माणूस शोधा, जुन्या चेकवरच्या सह्या काढा, असं सुरू होतं. साक्षीदार मृत्युपत्र करणाऱ्यापेक्षा वयाने बराच लहान असावा, त्याचा पूर्ण पत्ता लिहावा, शक्य तर एक साक्षीदार डॉक्टर असावा. एवढं केलं तरी पुढची निम्मी धावपळ वाचते.

परदेशातल्या वारसाकडून लागतं ते संमतीचं प्रतिज्ञापत्र. इथल्या नोटरीसमोर सही, त्यावर अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का), मग कुरिअर. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे, त्यामुळे हे काम आठवड्यांचं आहे, वर्षांचं नाही. चूक होते ती नावात: मृत्युपत्रात माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, ब्रिटिश पासपोर्टवर वडिलांचं नाव गाळलेलं, आणि नोटरीने पासपोर्ट पाहून चौथंच काही लिहिलेलं. कागद परत येतो तो यामुळे. आणि संमती दिलीच नाही तर? तर कोर्ट त्या वारसाला नोटीस काढतं. ठरलेल्या मुदतीत त्याने कॅव्हेट (माझं ऐकल्याशिवाय प्रोबेट देऊ नका, असा अर्ज) आणि हरकतीचं प्रतिज्ञापत्र दाखल केलं नाही, तर अर्ज पुढे सरकतो. सही न पाठवणारा भाऊ प्रोबेट थोडं लांबवतो, अडवू शकत नाही. अडवतो तो हरकत घेणारा, कारण मग अर्जाचा दावा होतो आणि पुरावे-उलटतपासणीत वर्षं जातात. हरकत घेणारे परदेशातच राहतात असं कुठे आहे?

इथे इंग्लंडात प्रोबेटला कुणी झंझट म्हणत नाही. बँकेतली किरकोळ रक्कम आणि जोडीदाराबरोबर संयुक्त नावावर असलेलं घर सोडलं तर ते लागतंच, मग धर्म कोणता का असेना. फी सपाट: पाच हजार पौंडांवरच्या कुठल्याही मालमत्तेला ३०० पौंड. अर्ज ऑनलाइन, मूळ मृत्युपत्र मात्र पोस्टाने पाठवायचं. त्याची स्टेपलची पिन काढायची नाही, हे सॉलिसिटर पहिल्याच पत्रात बजावतो. स्कॅन करायला म्हणून पिन काढली, की कागदावर राहिलेल्या भोकांवरून ‘याला आणखी काही जोडलेलं होतं का’ असा प्रश्न येतो आणि खुलाशाचं निवेदन द्यावं लागतं. मध्यंतरी इथेही अर्ज महिनोन्‌महिने तुंबले होते, संसदीय समितीपर्यंत प्रकरण गेलं. पण म्हणून प्रोबेटच नको असं कुणी म्हटलं नाही.

खरं सांगायचं तर इथे वारसांना कोर्टाची नोटीस जात नाही, त्या बाबतीत मुंबईचीच पद्धत जास्त काळजीची होती. पण इथे प्रोबेट मिळालं की मृत्युपत्र सार्वजनिक होतं, कुणीही थोडे पैसे भरून प्रत मागवू शकतो. कुणाच्या नावाचं प्रोबेट निघालं तर मला कळवा, असा अर्ज करून ठेवता येतो. दर सहा महिन्यांनी तो वाढवला की झालं. म्हणजे लपवाछपवीला जागा कमी.

मुंबईत ही नोटीस म्हणजे दूर राहणाऱ्या वारसाकडे आपणहून चालत येणारी एकमेव बातमी होती. आता हाती मृत्युपत्र असलेला माणूस सरळ सोसायटीच्या ऑफिसात आणि बँकेत जाईल. सोसायटीच्या आदर्श उपविधींत नामनिर्देशन नसेल तर दोन स्थानिक वृत्तपत्रांत नोटीस देऊन हरकती मागवायची तरतूद आहे. ती नोटीस स्लाउ किंवा लेस्टरमध्ये बसून कोण वाचतो? कमिटीचा सेक्रेटरी, जो दिवसभर पार्किंगचे वाद सोडवतो, त्याने आता मृत्युपत्र खरं की खोटं ते ठरवायचं. तो घाबरेल आणि ‘सगळ्या वारसांची ना-हरकत आणा’ म्हणेल. म्हणजे सह्या पुन्हा आल्याच. फक्त त्या मागणारं आता कोर्ट नाही, मॅनेजिंग कमिटी आहे, आणि तिला ना मुदत बांधलेली ना प्रक्रिया.

‘नॉमिनी आहे ना, मग झालं,’ हे दुसरं आवडतं उत्तर. नाही झालं. १४ डिसेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने शेअर्स आणि म्युच्युअल फंडांबाबत स्पष्ट केलं की नॉमिनी मालक होत नाही, तो वारसांच्या वतीने माल ताब्यात घेतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालाने २०१० मध्ये उलट म्हटलं होतं, तो घोळ २०१६ मध्ये तिथल्याच खंडपीठाने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने मिटवला. राज्याच्या सहकारी संस्था कायद्यात तर २०१९ पासून नॉमिनीला तात्पुरता सदस्य म्हणूनच घेतात, वारसांचा निकाल लागेपर्यंत. आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चार नॉमिनी लावता येतात. चार नॉमिनी म्हणजे चार वाटेकरी असं समजून टक्केवारी भरणारे खूप निघतील. बँक त्या टक्क्यांप्रमाणे पैसे देऊन मोकळी होईल, वारसांचे हिशेब तसेच उरतील. मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगा, मुलगी, पत्नी आणि आई सारख्या हिश्शाच्या वारस. त्यात पत्त्याचा रकाना नाही. मुलगी बोरिवलीत असो की बर्मिंगहॅममध्ये.

यावर खरा मुद्दा निघतो तो असा: ज्याने आईवडिलांना सांभाळलं, त्याला घर मिळू नये का? मिळावं. फक्त ते लिहून ठेवा. इंग्लंडात शेतावर तीस वर्षांहून अधिक काळ तुटपुंज्या पगारावर राबलेल्या मुलाला, ‘हे तुलाच मिळणार’ या वडिलांच्या शब्दावर २०२२ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने दाद दिली. भारतात तोंडी शब्दावर असा विसंबून राहू नका. मृत्युपत्र करा आणि सांभाळणाऱ्याला जास्त का दिलं ते दोन ओळींत लिहा. मात्र ज्याला मिळणार त्यानेच वकील आणला, त्यानेच साक्षीदार बोलावले, तर कोर्टाला संशय येतो आणि तो संशय त्यालाच दूर करावा लागतो. बक्षीसपत्र केलंत तर ‘देखभाल करण्याच्या अटीवर’ हे शब्द त्यात घाला. ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ चं कलम २३ त्या अटीवर चालतं. डिसेंबर २०२२ मध्ये अट नसल्यामुळे एका आईचा अर्ज सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. २ जानेवारी २०२५ च्या निकालातल्या प्रकरणात अट होती, ती पाळली नव्हती, तर बक्षीसपत्र रद्द झालं आणि ताबाही परत देवविला. बक्षीसपत्रापेक्षा मृत्युपत्र बरं, ते हयातीत हवं तेव्हा बदलता येतं.

सगळे शहाणे इथेच राहतात असं नाही, हेही कबूल. फेब्रुवारी २०२३ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयासमोर ८३ वर्षांच्या एका शीख विधवेचं प्रकरण आलं. ६६ वर्षांचा संसार, आणि नवऱ्याने मृत्युपत्रात सगळं दोन मुलग्यांना दिलेलं, बायकोला आणि चार मुलींना शून्य. न्यायाधीशांनी निव्वळ मालमत्तेचा अर्धा हिस्सा तिला दिला. ती सवय आपल्याकडून विमानात बसून आलेली आहे, हे गुजराती, पंजाबी, मराठी सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि आमची अडचण वेगळीच. एप्रिल २०२५ पासून, वीसपैकी दहा करवर्षं इथे राहिलेल्याची जगभरची मालमत्ता इथल्या वारसा करात येते. तीन लाख पंचवीस हजार पौंडांपर्यंत सवलत, त्यापुढच्या रकमेला ४० टक्के. भारताने स्वतःचा मृत्यू कर १९८५ मध्येच बंद केला, पण भारत-ब्रिटनचा १९५६ चा करार अजून चालू आहे. मरताना तुमचा अधिवास भारतात होता असं दाखवता आलं, तर पुण्या-मुंबईचं घर इथल्या करातून सुटतं. मग कर खातं विचारतं: कायम कुठे राहायचा बेत होता, परत जाणार होतात का, अंत्यविधी कुठे व्हावा असं लिहिलं होतं का, नागरिकत्व का घेतलं. घरी फोनवर ‘आता कुठलं परत येणं’ म्हणणारे आम्ही इथल्या फाइलमध्ये ‘परत जायचंच आहे’ असं लिहवून घेतो. भावाने हिस्सा सोड म्हटलं की आम्ही त्या घरचे, आणि आईला दवाखान्यात न्यायचं असलं की आम्ही इथले. टोमणा झोंबतो तो यामुळे, कायद्यात तो चुकीचा असला तरी.

त्या करारातही एक खाच आहे: ती मालमत्ता इंग्लिश कायद्याखालच्या मृत्युपत्राने देऊन चालत नाही. म्हणून भारतातल्या मालमत्तेचं मृत्युपत्र भारतात, वेगळं करायचं. आणि इथल्या हाय स्ट्रीटवरच्या सॉलिसिटरचा छापील मसुदा ‘यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे मी रद्द करतो’ अशा ओळीने सुरू होतो. ती ओळ तशीच राहिली तर पुण्याला दोन साक्षीदार, डॉक्टरचा दाखला घेऊन केलेलं मृत्युपत्र त्याच दिवशी संपतं. तिथे ‘भारतातील मालमत्तेचे मृत्युपत्र वगळून’ हे शब्द घालायला सांगा, आणि भारतात नवं मृत्युपत्र करताना वकिलाला इथलं वगळायला सांगा.