गाडी बाजूला घ्या

फाट्यावर पोलीस उभे आहेत ही बातमी आपल्या भागात पोलिसांच्याही आधी पोहोचते. समोरून येणारा अनोळखी माणूस भर दुपारी डिप्पर मारतो. पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणारा पोरगा मान वर न करता नुसती भुवई उडवतो. एरवी शेताच्या धुऱ्यावरून एकमेकांची डोकी फोडणारी माणसं या एका बाबतीत सख्ख्या भावासारखी वागतात, त्या प्रेमाचा मान राखा. गाडी बाभळीखाली उभी करा. हँडलला लटकवलेलं हेल्मेट काढा, त्यातली वांगी पिशवीत ओता आणि ते डोक्यावर चढवा. फाटा ओलांडून वळण लागलं की वांगी परत हेल्मेटात. तुमचं डोकं आधीही गाडीवरच होतं आणि नंतरही असणारच आहे, पण हेल्मेट डोक्यासाठी असतं हा गैरसमज मनातून काढून टाका. ते त्या दोनशे मीटर रस्त्यासाठी असतं.

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं गेला की हेल्मेटचा विषयच काढू नये. आपल्याकडे दुपट्टा आहे. दुपट्ट्यानं लू लागत नाही, घाम पुसता येतो, आणि उद्या डांबरावर डोकं आपटलंच तर रक्त पुसायलाही तोच कामी येतो. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याच्या कलम १२९ मध्ये पगडी बांधणाऱ्या शिखांना हेल्मेटमधून सूट आहे. आमच्या गावातल्या एका गृहस्थानं ही सूट दुपट्ट्यालाही लागू आहे असं जमादाराला तासभर समजावलं. जमादार शेवटी म्हणाला, "बापू, तुमी जा. माह्यं डोकं दुखून राह्यलं."

कागदपत्रांचं म्हणाल तर २०१८ पासून ती मोबाइलवर दाखवली तरी चालतात. सरकारनं डिजिलॉकर दिलं, एमपरिवहन दिलं. रेंज मात्र ज्यानं-त्यानं आपापली आणायची. फाटा नेहमी अशाच जागी असतो जिथं मोबाइलची एक काडी येते आणि आपल्याला पाहून निघून जाते. मग तुम्ही फोन आकाशाकडे धरून शेतात वीस पावलं जायचं, साहेबांनी तुम्ही पळून तर जात नाही ना हे बघायचं, आणि दोघांनी मिळून त्या फिरणाऱ्या गोल चकतीकडे पाहत बसायचं. यात एकमेकांची छान ओळख होते. तुमचं सासर कोणतं, साहेबांचं गाव कोणतं, यंदा सोयाबीनचा उतारा कसा, असं सगळं निघतं. इन्शुरन्स दोन वर्षांपूर्वीच संपलाय हे उघडायच्या आत नातं जुळून गेलेलं असतं.

आणि नातं नाहीच जुळलं तर फोन. इथं मात्र घाई करू नका, कारण हे खरं शास्त्र आहे. फोन लावण्याआधी आपला गुन्हा केवढा आणि माणूस केवढा याचा मेळ घालावा लागतो. आरसा नसेल तर सरपंच पुरतो. ट्रिपल सीटला जिल्हा परिषद सदस्य लागतो. लायसन्सच नसेल, म्हणजे मामला ५,००० रुपयांचा असेल, तर थेट आमदारांचा पीए. आरशासाठी पीएला उठवणारा माणूस पुढच्या वेळी लायसन्साच्या प्रसंगी तोंडघशी पडतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. फोन लागला की स्वतः काही बोलायचं नाही. मोबाइल साहेबांच्या कानाजवळ न्यायचा आणि मान थोडी तिरकी करून म्हणायचं, "घ्या, भाऊसोबत बोला." साहेब फोन घेणार नाहीत. हात मागे घेतील, "असं नसते चालत" म्हणतील. तिसऱ्या आग्रहाला घेतील. पलीकडून काय बोलणं होतं ते कोणालाच ऐकू येत नाही, पण शेवटचं वाक्य अख्ख्या विदर्भाला पाठ आहे: "साहेब, आपलाच माणूस हाय."

गाडीवर सोळा वर्षांचं पोरगं असलं तर बापाला स्वतःला फोनवर यावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रकरणात पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंतचा तुरुंग आहे. म्हणून बाप फोनवर पोराला आईबहिणीवरून शिव्या घालतो, साहेबांना त्या ऐकू जातील इतक्या मोठ्यानं. साहेबांचं मन भरतं. संध्याकाळी तेच पोरगं तीच गाडी घेऊन गिरणीतून दळण आणतं.

आता थोडं खाकी वर्दीतल्या वाचकांसाठी. उभं कुठं राहावं हा पहिला प्रश्न. ज्या वळणावर वर्षात चार-पाच माणसं जातात तिथं कधीही उभं राहू नका, तिथं धोका असतो. त्याच्या अलीकडे एक कडुनिंब बघा, ज्याची सावली दुपारी रस्त्याच्या कडेला पडते आणि ज्याचं खोड तुमच्या पोटापेक्षा रुंद आहे. गाडी दहा हातांवर आली की एकदम आडवं यावं. माणूस घाबरून ब्रेक दाबतो, गाडी घसरते, आणि ती आपल्याच पायाशी येऊन थांबते. मग पहिलं काम चावी काढण्याचं. चावी काढून घ्या असं कुठलंही कलम सांगत नाही. म्हणूनच ते हातानं करावं लागतं. वर्दीतल्या पोलिसानं मागितलं तर चालकानं लायसन्स दाखवावं एवढं कलम १३० मध्ये आहे, पण "जरा लायसन्स दाखवता का?" असं विचारलं तर माणूस गोंधळतो. त्याला "काउन बे, कुठी चालला?" यातच आपुलकी वाटते.

थांबवायचं कोणाला यात डोकं लावावं लागतं. पांढरी मोठी गाडी आणि काळ्या काचा दिसल्या तर थेट सलाम ठोका, आत कोण आहे ते नंतर कळेल. रात्री नंबरप्लेटवर चिखल फासून जाणारे रेतीचे हायवा दिसले तर चष्मा पुसायला घ्या. बाजार समितीतून सोयाबीन विकून निघालेला माणूस मात्र लांबूनच ओळखू येतो. त्याची गाडी सरळ चालते, कारण तो खिशातल्या पैशांचा हिशेब करत असतो. त्याला फोन करायला कोणी नसतं. पावती फाडायची ती त्याचीच. आता ई-चलान आल्यामुळे कागद फाडावा लागत नाही, नुसता फोटो काढला तरी होतं, पण "फाडणे" हा शब्द तेवढा राहिला. यंत्र बिघडलं असं सांगितलं की जुने व्यवहारही राहतात.

दारूच्या तपासणीत आपल्या भागाचा भूगोल पाठ हवा. कळंब सोडून देवळीकडे निघालं की वर्धा नदीचा पूल लागतो. पुलाच्या अलीकडे यवतमाळ जिल्हा, इथं बाटली म्हणजे सरकारचा महसूल. पलीकडे वर्धा जिल्हा, तिथं १९७४ पासून दारूबंदी, म्हणजे तीच बाटली गुन्हा. चंद्रपूरकरांकडे २०१५ ते २०२१ अशी सहा वर्षं दारूबंदी होती, मग उठली, म्हणजे त्यांनी दोन्ही अनुभव घेतले. अशा पुलावर माणसाला थांबवलं तर त्याच्या पोटातलं मोजावं की डिक्कीतलं? कायदा म्हणतो, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल म्हणजे गुन्हा, पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत आत, किंवा दोन्ही. पण फुंकायचं यंत्र बहुधा तालुक्याच्या ठिकाणी असतं आणि माणूस इथं. तेव्हा साहेबांनी स्वतःचंच नाक पुढं करावं. मात्र आपल्या तोंडात खर्रा नसताना, नाहीतर दोन्ही वास एकमेकांत मिसळतात.

कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी सातला तुम्ही रस्त्यावर असाल तर एक ऑटो दिसेल. तीन सवाऱ्यांचा. त्यात चौदा बाया असतात, कधी सोळा. मांड्यांवर मांड्या, दोघी ड्रायव्हरच्या दोन बाजूंना, एकीचे पाय बाहेर, भाकरीचं गाठोडं छातीशी. या ऑटोला शिट्टी वाजवायची नाही. तो थांबला तर चौदा जणींना रस्त्यात उतरवावं लागेल, त्यांचा रोज बुडेल, शेतमालक ओरडेल, शिवाय ऑटोवाला महिन्याचा माणूस आहे. यावर मला उपरोधानं लिहायचं होतं, पण जमत नाहीये, म्हणून पुढं जातो.

कायद्यात एक २१० ब नावाचं कलम आहे. कायदा राबवणाऱ्यांनीच तो मोडला तर त्यांना दुप्पट दंड, असं ते म्हणतं. मी ते दोनदा वाचलं, छपाईची चूक नाही. हे कलम मी आजवर एकाही फाट्यावर वापरात पाहिलेलं नाही. पण पाहुण्यांसाठी काचेच्या कपाटात ठेवलेले कप कुठं रोज वापरतो आपण?

मागच्या महिन्यात मला एक दुर्बुद्धी झाली. लायसन्स, इन्शुरन्स, पीयूसी, सगळं नवं करून हेल्मेट घालून निघालो. फाट्यावर थांबवलं. मी कागद दिले. जमादारांनी ते उलटेसुलटे पाहिले. दोन्ही आरसे हलवून पाहिले, हॉर्न वाजवला, मागचा दिवा लावायला सांगितला. लागला. त्यांचा चेहरा पडला.

"काय करता तुमी?" त्यांनी विचारलं.

"मास्तर होतो. रिटायर झालो."

"कोणाले फोन लावता का?"

"नाही. कशाला?"

असा माणूस त्यांच्या नोकरीत पहिल्यांदाच आला असावा. त्यांनी घड्याळ पाहिलं, सोबतच्या शिपायाकडे पाहिलं, आणि टोपी काढून काखेत घेतली. "ड्युटी संपली मास्तर. माह्यी गाडी पंचर हाय. गावापर्यंत सोडून देता का?"

बसले. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं हे मी बोललो नाही. आता ओळख झाली होती. नदीच्या अलीकडे पुढचा फाटा आला. कडुनिंबामागून शिट्टी वाजली, एक पोरगेला शिपाई आडवा आला. मी ब्रेकवर पाय ठेवला, तसा माझ्या खांद्यावर हात पडला.

"थांबू नका मास्तर, चालू द्या," मागून जमादार म्हणाले, आणि माझ्या कानावरून शिपायाकडे ओरडले, "आपलाच माणूस हाय!"