लस देऊनही कांजिण्या आल्या, मग टोचलीच कशाला? तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई, दवाखाना माझा आहे, त्यामुळे उत्तर मीच देते. तुम्ही लिहिलंय की लसीचा एक डोस घेऊनही मुलाला कांजिण्या आल्याच, आम्हा सगळ्यांना लहानपणी होऊन गेल्या तेव्हा काही झालं नाही, डॉक्टरांनी विचार करायला वेळही दिला नाही आणि आता धाकटीला काही आम्ही लस देणार नाही.

वेळ दिला नाही हे खरंय. बाहेर गर्दी होती म्हणून मी दोन वाक्यांत उरकलं. एका डोसनंतरही कांजिण्या येऊ शकतात हे टोचायच्या आधी सांगणं माझं काम होतं, ते राहिलं, मनापासून सॉरी.

पण लस वाया गेली असं नाहीये हो. एक डोस कांजिण्या टाळायला साधारण ८२ टक्के काम करतो, दोन झाले की ९० च्या वर. अमेरिकेत १९९५ ला एकाच डोसने सुरुवात केली होती, पण लस घेतलेल्या मुलांच्या शाळांतही साथी यायला लागल्या म्हणून २००६ ला दुसरा डोस जोडला. आणि तुम्हीच लिहिलंय की पोटा-पाठीवर मिळून वीस-पंचवीस फोड आले, ताप एकच दिवस होता. लस न घेतलेल्या मुलाला २५० ते ५०० फोड येतात, डोक्यात, तोंडात, कधी पापणीवर पण. एका आईने तर मुलाच्या हातांना मोजे घालून रात्रभर हात धरून ठेवले होते तरी मानेवरचा एक फोड खाजवून पिकलाच आणि ॲडमिट करावं लागलं, तेव्हापासून नुसत्या कांजिण्याच तर आहेत असं माझ्या तोंडून निघत नाही.

लहानपणी होऊन गेलेल्या बऱ्या, हे मोठेपणी जास्त त्रास होतो म्हणून म्हणतात आणि ते बरोबरच आहे, न्यूमोनिया मोठ्यांनाच जास्त होतो. पण होऊन गेल्या तरी व्हायरस नसांमध्ये बसून राहतो आणि पुढे कधीतरी नागीण होऊन बाहेर येतो. बहुतेक मुलं नीट बरी होतात हेही खरं, म्हणून निर्णय तुमचाच, मी जबरदस्ती करणार नाही. फक्त माझ्या घाईचा राग धाकटीच्या निर्णयात नको.

आणि हे अर्जंट आहे. धाकटीला वर्ष पूर्ण झालं असेल आणि मोठ्याला फोड येऊन ३ ते ५ दिवसच झाले असतील तर आत्ता दिलेली लससुद्धा कांजिण्या टाळू शकते किंवा हलक्यावर नेते. तिला स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारं औषध चालू असेल तर मात्र ही लस चालेलच असं नाही, आधी सांगा. घरात कोणी गरोदर किंवा तान्हं बाळ असेल तर आजच फोन करा. मोठ्याला ॲस्पिरिन अजिबात देऊ नका, आणि सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत शाळेत पाठवू नका. येताना त्याला वेटिंगमध्ये बसवू नका, खालून फोन करा, मी स्वतः खाली येऊन बघते.