तुरटी टाकली, खुशाल सोडा?

पहिला पाऊस पडला की आमच्या बांधकाम साइटवाल्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास येतो: ‘साइटवरून वाहतं ते नुसतं मातीचं पाणी. नदीला माती काय नवी? खड्डा खणा, दोन तास पाणी थांबवा, तुरटी टाका, नाल्यात सोडा. बाकी कन्सल्टंटची दुकानदारी.’

दोन तास? गेल्या जूनमध्ये पायाच्या खड्ड्यातलं पाणी बाटलीत भरून मी साइट ऑफिसच्या खिडकीत ठेवलं. चहा येईपर्यंत वाळू तळाला बसली. तिसऱ्या दिवशीही वरचं पाणी चहाच्याच रंगाचं! ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण मीटरभर खाली यायला दोनेक मिनिटं घेतो. २ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चिकणमातीचा कण तेवढ्यालाच ३ दिवस, तेही पाणी अजिबात हललं नाही तर. आपल्या काळ्या मातीत अशाच कणांचा भरणा.

‘नुसती माती’ म्हणणाऱ्यांनी बिगाऱ्याच्या बोटांच्या चिरा बघाव्यात. सिमेंटच्या पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, १२ च्या वर जातो. पीएचचा एक अंक म्हणजे दहापट, म्हणजे ८ च्या नदीपेक्षा हे पाणी दहा हजार पट अल्कधर्मी. आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीट आणणारी गाडी धुतलेलं पाणी त्याच खड्ड्यात उतरतं, हे फॉरवर्डवाला सोयीस्कर विसरतो.

तुरटीचं म्हणणं अर्धं खरं आहे. आजी हंड्यात तुरटी फिरवायची, पाणी निवळायचं. पण त्या हंड्यात सिमेंट नव्हतं. तुरटी साधारण ६ ते ८ पीएचला गाळाच्या गुठळ्या धरते. १२ ला तिच्यातलं ॲल्युमिनियम विरघळलेलंच राहतं. म्हणून आधी पीएच उतरवायचा. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात मर्यादा ८.५ ची आहे. तिथे पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडतात, आणि गढूळपणासाठी खेकडे-कोळंबीच्या कवचापासून केलेलं कायटोसान घालून वाळूतून गाळतात. मात्रा मोजून! अंदाजपंचे जास्त पडलं तर तेच माशांच्या कल्ल्यांना चिकटतं.

नदीला माती नवी नाही, कबूल. पण साइटचा गाळ आधी नाल्यात साचतो, आणि तो उपसायचा खर्च पालिकेच्या, म्हणजे आपल्याच खिशातून.

दुकानदारीही असते, नुसता रिपोर्ट छापून देणारे मीही पाहिलेत. पण सगळा प्लॉट एकदम न उघडणं, गेटवर खडी पसरणं, गाडी धुवायला ताडपत्री अंथरलेला वेगळा खड्डा ठेवणं, याला कन्सल्टंट लागत नाही. मुकादमाला सांगितलं की दुपारपर्यंत होतं.