कोजागरीचे दूध वर, बाटली खाली पार्किंगमध्ये

दारूबंदी असलेल्या राज्यात राहून आपल्याच मराठी मंडळाच्या कार्यक्रमात 'कृपया पिऊन येऊ नका' अशी विनवणी करावी लागते, याची आम्हा बडोदेकरांना थोडी तरी लाज वाटायला हवी. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा १९६० मध्ये गुजरातच्या वाट्याला आला आणि तेव्हापासून तो इथे लागू आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर तर दारू बनवणाऱ्याला, विकणाऱ्याला आणि वाहून नेणाऱ्याला १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आमच्या कार्यकारिणीत वकील आहेत, निवृत्त सरकारी अधिकारी आहेत, म्हणजे हे कुणाला ठाऊक नाही असे अजिबात नाही. तरीही गणेशोत्सव असो, कोजागरी असो की वार्षिक स्नेहसंमेलन, रात्रीचे नऊ वाजले की पुरुषांचा एक ठरलेला घोळका 'जरा पान खाऊन येतो' म्हणत पार्किंगकडे सरकतो, कुणाच्या तरी मोटारीची डिकी उघडते आणि थंड पेयाच्या मोठ्या बाटलीत घरूनच कालवून आणलेला ऐवज कागदी पेल्यांतून फिरू लागतो.

गच्चीवर बायका केशर-वेलदोड्याचे दूध ढवळत घामाघूम झालेल्या असतात आणि खाली या मंडळींना बर्फ हवा असतो. तो आणायला पाठवतात कुणाला, तर सरबताच्या स्टॉलभोवती घुटमळणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या पोरांना! काकांनी सांगितले म्हणून पोर बिचारे थर्माकोलच्या डब्यातून बर्फ घेऊन धावते आणि त्या काकांचे खिदळणे, घसरलेली जीभ आणि अर्धवट शिव्या ऐकत तिथेच उभे राहते. पुढे हेच काका वर येतात, भावगीतांच्या मध्येच माईक हिसकावतात, मुलींच्या नाचाला शिट्ट्या मारतात; दुधाचा पेला हातात देणाऱ्या सुनेला तोंड फिरवावे लागते, इतका भपकारा येत असतो.

तक्रार केली की पदाधिकारी म्हणतात, 'घरचीच माणसे आहेत, सांभाळून घ्या.' घरचीच माणसे आहेत म्हणून तर अधिक संताप येतो! खरी अडचण वेगळीच आहे. या घोळक्यातले दोघे-तिघे मोठे देणगीदार आहेत, स्मरणिकेतल्या जाहिराती त्यांच्याच असतात, आणि तेवढ्यासाठी उरलेल्या सगळ्या कुटुंबांनी नाक मुठीत धरून बसायचे असते.

वर 'आम्ही देशीला हात लावत नाही, आमची इंग्लिश असते' ही फुशारकी. चोरून विकल्या जाणाऱ्या बाटलीत काय भरले आहे, याची खात्री यांना कोण देतो? जुलै २०२२ मध्ये बोटाद परिसरात मिथेनॉल मिसळलेल्या दारूने ४० हून अधिक माणसे दगावली, तेव्हा हेच लोक मंडळात उभे राहून सरकारला दोष देत होते. त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यातल्या सावली तालुक्यात मेफेड्रोन या अमली पदार्थाचा प्रचंड साठा पकडला गेला, तेव्हाही 'आजची तरुण पिढी' या विषयावर भरपूर तावातावाने बोलणे झाले. कॉलेजातल्या मुलांनी उद्या त्याच पार्किंगमध्ये गांजाची सिगारेट पेटवली, तर त्यांना हटकायला कोणते काका जाणार आहेत? शिवाय कार्यक्रम संपला की हीच मंडळी बायकोमुलांना गाडीत घालून मांजलपूर, गोत्री, कारेलीबागेकडे निघतात. जिथे दारूबंदी नाही तिथेसुद्धा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क सापडला की गाडी चालवणे गुन्हा ठरतो, मग इथे काय सांगावे!

मागणी काही अवघड नाही. निमंत्रणपत्रिकेवर स्पष्ट छापा, पार्किंगमध्ये दोन स्वयंसेवक उभे करा, आणि जो पिऊन येईल, त्याची देणगी कितीही मोठी असो, त्याला रिक्षात बसवून घरी पाठवा. गेल्या बैठकीत मी हा विषय लेखी दिला होता. खुर्च्यांना कव्हरे कोणत्या रंगाची घ्यावीत यावर सविस्तर खल झाला आणि माझा विषय 'वेळेअभावी' पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. तेव्हा यंदा वर्गणीची पावती फाडायला जो कुणी माझ्या दारी येईल, त्याने येताना हा ठराव सह्यांनिशी सोबत आणावा. नाहीतर जिना चढण्याचे कष्ट घेऊ नयेत.