लालभडकाशेजारी हिरवाकंच

माझ्याकडे डिझाइन शिकायला येणाऱ्या एका मुलीने परवा एका नृत्यमहोत्सवाच्या पोस्टरसाठी चार रंगसंगती करून आणल्या. चारही नेटक्या, चारही मवाळ. कागद बाजूला ठेवताना एकाच्या पाठीवर पाचवी दिसली, पेन्सिलीने काट मारलेली. गडद लाल आणि त्यावर लखलखीत पोपटी. पाचांत जिवंत तेवढी तीच होती. "ही का खोडलीस?" असं विचारलं तर म्हणाली, "मॅडम, लाल-हिरवा एकत्र घ्यायचा नसतो ना. भडक होतं."

ही समजूत मी इतकी वर्षं ऐकते आहे आणि दर वेळी मला मनापासून वाईट वाटतं. एवढी ताकदीची जोडी, आणि शिकणाऱ्यांच्या हातून ती वापरून बघण्याआधीच सुटते. म्हणून आज सविस्तर लिहिते.

आपल्या भाषेचं आधी ऐका. लाल रंगाला तिने लालभडक, लालबुंद, लालचुटूक असे शब्द दिले. हिरव्याला हिरवागार, हिरवाकंच. हे शब्द उच्चारताना कुणी नाक मुरडत नाही, उलट बोलणाऱ्याचा चेहरा खुलतो. आणखी एक गंमत बघा. आपण निळसर हिरवा म्हणतो, पिवळसर लाल म्हणतो, जांभळट निळा म्हणतो. पण 'हिरवट लाल' अशी एकच छटा कुणी डोळ्यांसमोर आणून दाखवावी! एका पानावर हिरवे आणि लाल डाग शेजारी असू शकतात, पण एकाच ठिपक्यात दोन्ही रंग एकदम दिसत नाहीत. एवाल्ट हेरिंग या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात नेमकं हेच हेरलं आणि मांडलं की आपली दृष्टी लाल-हिरवा आणि निळा-पिवळा अशा विरोधी जोड्यांमध्ये काम करते. तराजूसारखं. एक पारडं खाली गेलं की दुसरं वर जातं. लाल कागदाकडे अर्धा मिनिट टक लावून बघा आणि मग पांढऱ्या भिंतीकडे बघा, तिथे हिरवट-निळसर ठसा तरंगताना दिसेल.

म्हणजे हे दोघे परके नव्हेत. एकाची नोंद घेतानाच डोळा दुसऱ्याचीही नोंद घेतो, आणि म्हणून शेजारी ठेवले की दोघेही आहेत त्याहून जास्त तेजस्वी दिसतात. मिशेल शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये याबद्दल मोठा ग्रंथ लिहिला. पॅरिसच्या गोबलँ या विणलेल्या भित्तिचित्रांच्या कारखान्यात तो रंगाईचा प्रमुख होता. या चित्रांसाठी रंगवलेलं काळं सूत फिकं दिसतं, अशी तक्रार तिथे आली होती. त्याने तपासलं तेव्हा सूत अगदी चांगलं निघालं. शेजारच्या रंगांमुळे ते फिकं भासत होतं. शेजार बदलला की रंग बदलतो, हे मी शिकवायला सुरुवात करते ती याच सुतापासून.

आता मुद्द्याचं. या जोडीत जे बिघडतं ते माझ्या अनुभवात जवळजवळ नेहमी उजळपणामुळे बिघडतं. लाल आणि हिरवा दोघेही तितकेच उजळ असले की त्यांच्यामधली कड डोळ्याला पक्की सापडत नाही, ती थरथरते. चित्रकार आणि शिक्षक योझेफ आल्बर्स आपल्या विद्यार्थ्यांकडून कागदाचे तुकडे कापून घेऊन हीच थरथर मुद्दाम अनुभवायला लावत असत. संगणकाच्या पडद्यावर ती बघायची असेल तर आरजीबीमध्ये, म्हणजे लाल, हिरवा, निळा यांच्या ० ते २५५ आकड्यांत, लाल २५५, बाकी दोन शून्य असा चौकोन घ्या आणि त्यावर हिरवा १४८, बाकी शून्य अशी अक्षरं लिहा. दोघांचा उजळपणा जवळजवळ सारखा आहे. दहा सेकंदांत डोळे चुरचुरतील. मग कुणी म्हणतं, "बघा, लाल-हिरवा चालत नाही!" अहो, लाल-हिरव्याने काय बिघडवलं? समान उजळपणाने बिघडवलं.

बरं, दोघेही पूर्ण २५५ घेतले तर? तरीही पुरत नाही. पडद्यावर हिरवा प्रकाश लालपेक्षा तिपटीहून अधिक उजळ असतो, तरी त्या दोघांमधलं कॉन्ट्रास्टचं, म्हणजे उजळ-गडद फरकाचं, गुणोत्तर साधारण २.९ ला १ येतं. वेबवरच्या सुगमतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांत साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १ लागतं. म्हणजे मोठ्या अक्षरांतही थोडक्यात नापास. आता तोच लाल २५५ वरून १३९ वर आणा, हिरवा पूर्ण २५५ राहू द्या. गुणोत्तर ७.३ ला १ होतं. हिरव्याला हातही लावलेला नाही. लाल खोल झाला, डाळिंबाच्या दाण्याकडे झुकला आणि तीच भांडखोर म्हणवली जाणारी जोडी छोट्या मजकुरालाही पुरून उरली. काट मारलेल्या त्या पाचव्या संगतीत मुलीने नकळत हेच साधलं होतं.

हे सगळं मी पुस्तकातून शिकले असते तर बरं झालं असतं. मी शिकले ते एका मुखपृष्ठावरून. एका संस्थेच्या वार्षिक अंकाचं काम होतं. तेजस्वी लाल पार्श्वभूमी आणि मध्यम हिरव्या रंगात भलंमोठं शीर्षक. मला ते आवडलं होतं, संस्थेलाही आवडलं, अंक छापून झाला. प्रकाशनाच्या दिवशी एक गृहस्थ अंक हातात घेऊन खिडकीपाशी गेले, उजेडात तिरका धरून बघू लागले. मी जवळ गेले तर शांतपणे म्हणाले, "ताई, नाव कुठे आहे यावर? मला सगळा कागद एकाच रंगाचा दिसतोय." त्यांना लाल-हिरव्यातला फरक जन्मापासून कळत नव्हता. त्या अंकात त्यांचा स्वतःचा लेख होता. मला त्यांच्याशी काय बोलावं तेच सुचेना. तो क्षण मी विसरलेले नाही आणि विसरायचाही नाही.

उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण दर १२ पुरुषांमागे एकाला आणि दर २०० स्त्रियांमागे एकीला लाल-हिरव्याचा दृष्टिदोष असतो. इतर समाजांत हे प्रमाण कमी-जास्त होतं, पण बहुतेक सगळीकडे तो आढळतो. जॉन डाल्टन या शास्त्रज्ञाने १७९४ मध्ये स्वतःच्याच दृष्टीचं वर्णन केलं, तोवर या गोष्टीकडे कुणी फारसं शास्त्रीय नजरेने बघितलंही नव्हतं. आपल्या डोळ्यात तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. त्यातल्या लांब लहरींच्या पेशी साधारण ५६० नॅनोमीटरपाशी आणि मध्यम लहरींच्या ५३० पाशी सर्वाधिक प्रतिसाद देतात. एवढ्याशा फरकावर लाल आणि हिरव्याचं सगळं वेगळेपण उभं आहे. यातल्या एका प्रकारच्या पेशी नसल्या किंवा बदललेल्या असल्या की फरक पुसला जातो. पण उजळ-गडद हा फरक अशा लोकांनाही दिसतोच.

इथे एक बारकावा आहे, जो मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्यांच्या लांब लहरींच्या पेशी काम करत नाहीत त्यांना लाल आपल्यापेक्षा काळपट दिसतो. म्हणून लाल गडद आणि हिरवा उजळ ठेवला तर त्यांच्यासाठी फरक आणखी वाढतो. उलट केलंत, म्हणजे गडद हिरव्यावर उजळ लाल, तर तुम्हाला छान दिसणारा फरक त्यांच्या डोळ्यात घटतो. तेव्हा दोघांतला कोण खाली उतरणार हा प्रश्न माझ्यापुरता सुटलेला आहे. लाल उतरतो, हिरवा चमकतो. आणि आलेखांत नफा हिरवा, तोटा लाल असं नुसत्या रंगावर सोडून देणं मी पूर्ण थांबवलं आहे. बाणाची दिशा द्या, शब्द लिहा, चिन्ह द्या. रंग त्याच्या जोडीला येऊ दे.

तपासायचं कसं? डिझाइन राखाडी करून बघायचं. पण इथे अनेक जण फसतात. काही सॉफ्टवेअरमधलं 'डिसॅच्युरेट' बटण दाबलं की शुद्ध लाल आणि शुद्ध हिरवा दोन्ही हुबेहूब एकाच राखाडीत जातात, कारण ते डोळ्याला जाणवणारा उजळपणा मोजत नाही, आकड्यांची नुसती सरासरी काढतं. खरा ग्रेस्केल मोड वापरा. राखाडीत अक्षर वाचता आलं तरच रंगात ठेवा.

आता प्रमाण. चित्रकार योहानेस इटेन बाउहाउस या जर्मन कलाशाळेत शिकवत असत. जर्मन कवी गटेने दिलेल्या तेजस्वितेच्या आकड्यांवरून त्यांनी हिशेब मांडला की लाल आणि हिरवा समान क्षेत्रफळात घेतले तर समतोल साधतो. इटेन यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे, पण या बाबतीत माझा अनुभव त्यांच्याविरुद्ध जातो. समतोल साधतो हे खरं, पण त्यात नजरेने कुठे थांबायचं ते ठरत नाही. निम्मा लाल आणि निम्मा हिरवा असलेला कागद मला आजवर कधी शांत वाटलेला नाही. बांगलादेशचा १९७२ पासूनचा ध्वज बघा. हिरव्यावर लाल वर्तुळ, त्रिज्या ध्वजाच्या लांबीच्या एक पंचमांश. क्षेत्रफळ काढलं तर लाल सुमारे २१ टक्के भरतो. तो थोडा काठीकडे सरकवलेला आहे, म्हणजे फडकताना मध्यावर दिसावा. तिथे मालक कोण आणि पाहुणा कोण हे एका नजरेत कळतं. मोरोक्कोच्या ध्वजात उलट, सगळी जमीन लाल आणि हिरवा फक्त एका ताऱ्याच्या रेषेत. पोर्तुगालचा ध्वज मला सर्वांत अवघड आणि म्हणून सर्वांत आवडतो. दोन पंचमांश हिरवा, तीन पंचमांश लाल, दोन्ही भरघोस. पण जिथे ते एकमेकांना भिडतात तिथे नेमका पिवळा गोल बसवला आहे. अगदी शिवणीवर घातलेला टाकाच तो. काचचित्रांमधली शिशाची पट्टी हेच काम करते. दोन प्रखर रंगांमध्ये तिसरी रेघ आली, पांढरी, काळी किंवा सोनेरी, की थरथर तिथेच थांबते.

निसर्गातही पिकलेल्या फळाचा लाल हा पानांच्या हिरव्यात ठिपक्याएवढाच असतो. (इक्लेक्टस जातीच्या पोपटांत नर हिरवा आणि मादी लाल असते. दोघांना बराच काळ वेगळ्या जातीचे पक्षी समजलं गेलं होतं. मला ही गोष्ट फार आवडते, म्हणून सांगितली.)

छपाईबद्दल थोडक्यात. पडद्यावरचा लखलखीत हिरवा नेहमीच्या चार शाईंत उतरत नाही, मलूल होतो. तो हवाच असेल तर वेगळी स्पॉट शाई, म्हणजे त्या एका रंगाची तयार शाई, घ्या आणि तसं आधीच ठरवा. जेपेगबद्दलही सांगायला हवं, कारण लाल-हिरव्याची अक्षरं मोबाइलवर पाठवली की चिखल होतो असं अनेक जण म्हणतात. त्या फाइलमध्ये बहुतेक वेळा उजळपणाची माहिती पूर्ण बारकाव्याने ठेवतात आणि रंगाची माहिती आडवी-उभी निम्मीच. जी कड केवळ रंगावर उभी आहे ती मग फिसकटणारच. उजळपणाचा फरक असेल तर ती टिकते.

आणि भडकपणाचं काय, तर कधी कधी तोच हवा असतो. व्हॅन गॉगने १८८८ मध्ये रात्रीच्या कॅफेचं चित्र काढलं, लाल भिंती, हिरवं छत, मध्ये हिरवं बिलियर्ड टेबल, आणि भावाला पत्रात कळवलं की माणसाच्या भयंकर वासना मी लाल आणि हिरव्यातून सांगायचा प्रयत्न केला आहे. त्याला अस्वस्थता हवी होती, ती मिळाली. फ्रेंच चित्रकार मातीसने १९१० मध्ये हिरव्या टेकडीवर हातात हात घालून नाचणाऱ्या लाल आकृती रंगवल्या, वर गर्द निळं आकाश. तिथे तेच दोन रंग आनंदाने उसळतात.

त्या मुलीला मी हेच चित्र दाखवलं. तिने काट पुसली, पोस्टर पुन्हा करायला घेतलं. लाल सगळ्या कागदभर पसरला आणि हिरवा फक्त नर्तकीच्या ओढणीत आणि तारखेच्या ओळीत उरला. ग्रेस्केल करून पाहिलं, ओढणी तरीही सगळ्यात पुढे होती. मग ती जरा वेळ बघत बसली आणि माझ्याकडे न बघताच पोपटी आणखी थोडा पिवळ्याकडे सरकवला. मी तो तसाच ठेवायला सांगितला, कारण मला ते सुचलं नव्हतं.